हॅम्बुर्ग २०११: पेशंट बरे झाले, औषधाचा प्रश्न मात्र तसाच राहिला

जर्मनीत एरवी ईएचईसी जातीच्या ई. कोलाय जंतूमुळे आजारी पडलेले हजारेक रुग्ण वर्षाला नोंदले जातात. शिवाय साधारण साठ जणांचा आजार हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमपर्यंत, म्हणजे रक्तपेशी फाटून किडनी निकामी करणाऱ्या एचयूएसपर्यंत जातो आणि हे साठ बहुतेक लहान मुलं असतात. १९ मे २०११ला हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्यानं बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेला एचयूएसच्या तीन बालरुग्णांची खबर दिली. दुसऱ्या दिवशी संस्थेची माणसं तिथे पोचली तर वॉर्डांत मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त. जुलैअखेर साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर एकूण आकडा ३,८४२ वर गेला होता. त्यांतले ८५५ एचयूएसचे, मृत्यू ५३. एचयूएस झालेल्या दहांतले जवळजवळ नऊ प्रौढ होते, आणि दोनतृतीयांशांहून थोड्या अधिक स्त्रिया.

ही साथ बहुतेकांना आठवते ती स्पेनच्या काकडीतून जंतू आला, या खोट्या आरोपामुळे. त्याच आठवड्यांत जर्मनीच्या आयसीयूंमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. एक्युलिझुमॅब नावाचं एक अतिशय महागडं औषध, जे तोवर एका दुर्मिळ रक्तविकारासाठीच मंजूर होतं, ते शेकडो रुग्णांना दिलं गेलं. बहुतेक बरे झाले. औषधानं बरे झाले का, याचं उत्तर मात्र जर्मनीला त्या शेकडो रुग्णांतून मिळालं नाही. ते का मिळालं नाही, याचा हा लेखाजोखा.

एकच चित्र, दोन आजार

एचयूएस झालेल्या माणसाचा रिपोर्ट पाहिला की तीन गोष्टी एकदम दिसतात. हिमोग्लोबिन घसरलेलं, प्लेटलेट घसरलेल्या, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावल्याची खूण, चढलेलं. शिवाय पेशी फुटल्याची खूण असलेलं एलडीएच भरमसाट. रक्ताचा थर काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली धरला की तुटक्या, टोकदार लाल पेशी दिसतात. किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, तिथे गुठळ्या धरतात, प्लेटलेट त्यात खर्ची पडतात आणि त्या अडथळ्यातून जाताना लाल पेशी फाटतात. मेंदूतल्या वाहिन्यांनाही तेच झालं तर झटके येतात, बोलणं अडखळतं, माणूस बेशुद्धीत जातो.

पण हे चित्र उमटवणारं कारण एकच नसतं. ईएचईसीमध्ये इजा करतं ते शिगा टॉक्सिन. जंतू आतड्यात राहतो, विष रक्तात उतरतं आणि अस्तराच्या पेशींना चिकटून त्यांना मारतं. ‘अटिपिकल एचयूएस’ नावाच्या दुर्मिळ आजारात मात्र बाहेरचं विष लागत नाही. तिथे आपलीच कॉम्प्लिमेंट यंत्रणा बिनसते.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात फिरणाऱ्या तीसहून अधिक प्रथिनांची साखळी. तिचं काम जंतू मारणं. गंमत अशी की तिची एक शाखा कधीच पूर्ण बंद होत नाही. नीट न आवळलेल्या नळासारखी ती सतत ठिबकत असते. आपल्या स्वतःच्या पेशींवर ते ठिबकणं थांबवायला फॅक्टर एच नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकात बिघाड असला, किंवा शरीरानं त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या, तर साखळी शेवटपर्यंत धावते. सी-५ हे प्रथिन तुटतं आणि त्यातून पेशीच्या पडद्याला भोक पाडणारा घटक उभा राहतो.

एक्युलिझुमॅब ही अँटिबॉडी नेमकी सी-५ला धरून ठेवते, ते तुटू देत नाही. अमेरिकेत २००७ साली हे औषध पीएनएच या रक्तविकारासाठी मंजूर झालं. अटिपिकल एचयूएससाठी मंजुरी आली सप्टेंबर २०११मध्ये, म्हणजे जर्मनीतली साथ ओसरल्यावर. तेव्हा किंमत अमेरिकेत वर्षाला चार लाख डॉलरच्या घरात होती.

मग विषामुळे झालेल्या एचयूएसमध्ये हे द्यावं असं कुणाला का वाटलं? कारण अगदीच हवेतलं नव्हतं. २००९ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी दाखवलं होतं की शिगा टॉक्सिन-२ स्वतःच फॅक्टर एचला चिकटतं आणि कॉम्प्लिमेंट चेतवतं. त्याच वर्षी आजारी मुलांच्या रक्तातही कॉम्प्लिमेंट चेतल्याच्या खुणा वाढलेल्या आढळल्या होत्या. आजार ओसरल्यावर त्या खाली आल्या. आता चेतवलेलं कॉम्प्लिमेंट हे इजेचं कारण की इजेमागून येणारा परिणाम, हा प्रश्न प्रयोगशाळेतून सुटणारा नव्हता.

पंचवीस मेचं पत्र

२५ मे २०११ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननं एक छोटं पत्र ऑनलाइन प्रसिद्ध केलं. कॅनडा, फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी मिळून लिहिलेलं. शिगा टॉक्सिनच्या एचयूएसनं गंभीर आजारी झालेली तीन लहान मुलं, तिघांच्याही मेंदूवर परिणाम; एक्युलिझुमॅब दिल्यावर तिघंही सुधारली.

तीन रुग्णांचं पत्र हा पुरावा नव्हे, हे ते वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत होतं. पण वेळ पाहा. जुलाब सुरू होण्याची लाट २१-२२ मेला सर्वांत उंच होती. जुलाब सुरू झाल्यापासून एचयूएस दिसायला सरासरी पाचेक दिवस लागत होते. म्हणजे पत्र आलं त्याच आठवड्यात एचयूएसचे रुग्ण ढिगानं वॉर्डात येत होते. पन्नाशीही न गाठलेल्या, आठवड्यापूर्वी ठणठणीत असलेल्या बायका, ज्यांना आपल्या नवऱ्याचं नाव आठवेना. डायलिसिसची यंत्रं कमी पडत होती. उत्पादक कंपनी अॅलेक्सियननं औषध मोफत द्यायची तयारी दाखवली. अशा वेळी समोरच्या रुग्णाला ‘थांबा, पुरावा येऊ दे’ म्हणणं सोपं नव्हतं. मी त्या डॉक्टरांच्या जागी असतो तर बहुधा औषध दिलंच असतं. माझा आक्षेप देण्याला नाही, देण्याच्या पद्धतीला आहे.

बहुतेक ठिकाणी आधी प्लाझ्मा एक्स्चेंज सुरू झालं होतं. त्यात रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून प्लाझ्मा काढून टाकतात आणि दात्यांचा प्लाझ्मा भरतात. प्रौढ माणसाला एका वेळेला तीन-चार लिटर, म्हणजे डझनावारी पिशव्या. त्यावर एक्युलिझुमॅब. ९०० मिलिग्रॅमचा डोस म्हणजे ३० मिलिलिटरच्या तीन बाटल्या, पातळ करून १८० मिलिलिटर केलेल्या, शिरेतून अर्ध्या-पाऊण तासात. इथे एक पेच आहे, जो वॉर्डात काम केलेल्यालाच चटकन दिसेल. अँटिबॉडी प्लाझ्मात असते. सकाळी औषध दिलं आणि दुपारी प्लाझ्मा बदलला, तर औषधाचा मोठा हिस्सा पिशवीतून कचऱ्यात. म्हणून एक्स्चेंजनंतर पुन्हा जादा डोस द्यावा लागतो. कोणत्या रुग्णाला कधी, किती औषध प्रत्यक्ष लाभलं, हा हिशोब नंतर लावणं किती जड गेलं असेल याचा अंदाज यावरून येतो.

शिवाय सी-५ अडवलं की मेनिंगोकोकस या जंतूपुढे शरीर उघडं पडतं. लस द्यायची, पण तिचा असर यायला दोनेक आठवडे. तोवर अँटिबायोटिकचं कवच. काही ठिकाणी त्यासाठी अॅझिथ्रोमायसिन निवडलं गेलं. हा तपशील लक्षात ठेवा, तो पुढे भलतंच काही दाखवून गेला.

आकडे आले, उत्तर आलं नाही

जर्मन नेफ्रॉलॉजी (किडनीविकार) संघटनेनं एचयूएस रुग्णांची नोंदवही उघडली, हे मात्र चांगलं झालं. त्यातल्या ४९१ रुग्णांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. ५७ जणांना फक्त आधाराचे उपचार मिळाले होते: सलाईन, रक्त, डायलिसिस. २४१ जणांना प्लाझ्मा एक्स्चेंज. १९३ जणांना प्लाझ्मा एक्स्चेंज आणि एक्युलिझुमॅब दोन्ही. शेवटी तिन्ही गटांच्या निकालांत औषधाच्या बाजूनं बोलणारा फरक दिसला नाही.

त्याच वर्षी हॅनोव्हरच्या गटानं २९८ प्रौढ रुग्णांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. १६० जणांना डायलिसिस लागलं, पण दीर्घकाळ लागलं ते तिघांनाच. ३७ जणांना झटके आले, ५४ जण व्हेंटिलेटरवर गेले, १२ दगावले. प्लाझ्मा एक्स्चेंजचा ठळक फायदा नाही. एक्युलिझुमॅब मिळालेल्या ६७ जणांतही त्या औषधाच्या खात्यावर मांडता येईल असा नजीकच्या काळातला फायदा नाही.

आता यावरून ‘औषध निरुपयोगी’ म्हणायचं का? नाही म्हणता येत, आणि गाडी इथेच अडते. एक्युलिझुमॅब कुणाला दिलं? जे सर्वांत गंभीर होते त्यांना. फक्त सलाईन-डायलिसिसवर कोण राहिले? ज्यांची तब्येत त्यातल्या त्यात बरी होती ते. गंभीर गटाचा निकाल सौम्य गटाइतकाच लागला, तर दोन अर्थ निघतात. एक, औषधानं गंभीर रुग्णांना ओढून सौम्यांच्या बरोबरीला आणलं. दुसरा, औषधानं काहीच केलं नाही. हा आजार बहुतेकांत आपोआपच ओसरतो आणि चांगल्या डायलिसिसनं तोवर माणूस तगतो. आकडे दोन्ही अर्थांना सारखेच जुळतात. संख्याशास्त्रानं वयाचा, क्रिएटिनिनचा, झटक्यांचा हिशोब घालून थोडी दुरुस्ती करता येते. पण पलंगाशेजारी उभ्या डॉक्टरला ‘ही आज रात्री बिघडणार’ असं का वाटलं, ते कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नसतं, आणि औषध त्या वाटण्यावरूनच दिलं गेलेलं असतं.

कंपनीनंही जर्मनीत एक अभ्यास केला, पण एकाच गटाचा, सगळ्यांना औषध. ग्राइफ्सवाल्ड आणि हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांवर इम्युनोअॅड्सॉर्प्शन म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी गाळून काढण्याचा उपाय केला आणि त्यांतलेही बहुतेक सुधारले. गाळूनही सुधारले, सी-५ अडवूनही सुधारले, दोन्ही न करताही सुधारले. ज्या आजारात बहुतेक रुग्ण सुधारणारच असतात, तिथे प्रत्येक उपाय गुणकारी दिसतो.

ल्युबेकचं उपाहारगृह

याच साथीत, याच दिवसांत, दुसऱ्या एका चमूनं प्रश्न सोडवून दाखवला. संसर्ग कशातून आला हे शोधणाऱ्यांनी आधी रुग्णांना विचारलं: काय खाल्लं? टोमॅटो, काकडी, लेट्यूस, अशी उत्तरं आली. मोड आलेली कडधान्यं फार थोड्यांना आठवली. सॅलडवर भुरभुरलेली चिमूटभर पालवी कोण लक्षात ठेवतो? मग त्यांनी ल्युबेकमधलं एक उपाहारगृह धरलं, जिथे मे महिन्यात जेवून गेलेल्या दहा गटांतले लोक आजारी पडले होते. लोकांना आठवण विचारायच्या ऐवजी त्यांनी बिलं काढली, कुणी कोणती डिश मागवली ते पाहिलं आणि स्वयंपाक्याला विचारलं, त्या डिशमध्ये नेमकं काय घालता? १५२ जेवणाऱ्यांतले ३१ आजारी पडले होते. मोड वाढलेल्यांना न वाढलेल्यांपेक्षा धोका चौदापट. आजारी पडलेल्या एकूणएक माणसाच्या ताटात मोड होते.

तिथून धागा गेला बीनेनब्युटेल गावच्या एका मोड उगवणाऱ्या शेतीपर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळही याच जंतूचा छोटा उद्रेक झाला, तोही मोडांमधून, आणि मेथीदाण्यांचा लॉट एकच निघाला. (आपल्याकडे मोडाच्या मेथीची उसळ होते, ती शिजते. तिथे मोड कच्चेच.) विशेष म्हणजे त्या दाण्यांवर जंतू प्रयोगशाळेत सापडला नाही. शिक्कामोर्तब केलं ते तुलनेनं: त्याच टेबलावर बसलेले, तेच पाणी प्यायलेले, पण मोड न खाल्लेले लोक.

औषधाच्या बाजूला नेमका हा दुसरा गट नव्हता. जिथे तो योगायोगानं तयार झाला, तिथे उत्तरही निघालं. ल्युबेकच्याच रुग्णालयात एक्युलिझुमॅबसोबत अॅझिथ्रोमायसिन मिळालेले २२ जण होते आणि न मिळालेले ४३. पहिल्या गटात २८ दिवसांनंतरही शौचातून जंतू जाणारे साडेचार टक्के, दुसऱ्यात ८१ टक्के. ईएचईसीमध्ये अँटिबायोटिक देऊ नये, त्यानं विष वाढतं, असा तोवरचा दंडक होता. मेनिंगोकोकससाठी दिलेल्या कवचानं, निदान या जंतूपुरता, तो हलवला. अर्थात हीसुद्धा चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुणाला औषध द्यायचं हे निव्वळ योगायोगावर सोपवून, केलेली विभागणी नव्हतीच. फरक इतका प्रचंड होता म्हणून तो लपला नाही, एवढंच. आणि त्यातून नवा पेचही आला: एक्युलिझुमॅब घेतलेले काही रुग्ण लवकर सुधारले असतील, तर श्रेय त्याचं की सोबतच्या अँटिबायोटिकचं?

‘मरणाच्या दारातल्या माणसांत चिठ्ठ्या कशा टाकणार’ हा बचाव मी बऱ्याचदा ऐकलाय. भावना समजते, पण जे औषध उपयोगी की घातक हेच ठाऊक नाही, त्याच्या चिठ्ठ्या टाकण्यात कुणावर अन्याय होत नाही. खरी अडचण वेळेची होती. संशोधनाचा आराखडा, नैतिक समितीची मंजुरी, विमा, संमतिपत्रं: हे सगळं होईतो साथ संपली असती. २०२०मध्ये कोविडवरच्या औषधांसाठी ऑक्सफर्डनं केलेल्या रिकव्हरी चाचणीनं हीच अडचण ओलांडली. आराखडा लिहिल्यापासून नवव्या दिवशी पहिला रुग्ण दाखल, आणि जूनच्या मध्यात डेक्सामेथासोन या औषधाचा निकाल हातात. मोठ्या साथीत ते जमू शकतं हे आता सिद्ध आहे. एचयूएससारख्या आजाराची साथ दोन महिन्यांत येऊन जाते. तिच्यासाठी आराखडा आणि मंजुरी आधीच तयार करून कपाटात ठेवावी लागेल.

मग अटिपिकलमध्ये कसं चाललं?

रास्त शंका. अटिपिकल एचयूएससाठी एक्युलिझुमॅबला मंजुरी मिळाली तीही प्लासिबोशिवाय, म्हणजे तुलनेसाठी खोटं औषध घेणारा गट न ठेवता. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत मिळून ३७ रुग्ण, सगळ्यांना औषध. मग तिथे ते मान्य आणि इथे नाही, हे कसं?

कारण तिथे आजार पुढे कसा जातो हे आधीपासून माहीत होतं. अटिपिकलचे प्रौढ रुग्ण वर्षभरात निम्म्याच्या आसपास कायमच्या डायलिसिसवर जायचे किंवा दगावायचे. आपोआप बरं होणं अपवाद. अशा आजारात डायलिसिसवरची माणसं डायलिसिसवरून उतरू लागली, तर जुना अनुभव हाच तुलनेचा गट ठरतो. ईएचईसीच्या एचयूएसमध्ये उलट: बरं होणं हाच नियम.

भारतातलं उदाहरण याहून बोलकं आहे. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकारानं झालेल्या, अनेक रुग्णालयांतल्या अभ्यासात (२०१४) एचयूएस झालेल्या भारतीय मुलांपैकी तब्बल ५६ टक्क्यांत फॅक्टर एचविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. १३८ मुलं. जगात इतरत्र हे प्रमाण फारच कमी. या मुलांत प्लाझ्मा एक्स्चेंज लवकर सुरू झालं आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर किडनी वाचण्याची शक्यता वाढलेली दिसली; उशीर झाला तर निकाल वाईट. तोच उपाय, ज्याचा हॅम्बुर्गच्या साथीत ठळक फायदा दिसला नव्हता. इथेही चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, पण मोजायला एक दोरी होती: एक्स्चेंजनंतर अँटिबॉडीचं प्रमाण उतरायचं, आजार उलटला की चढायचं. म्हणून आपल्याकडे एचयूएसचं मूल आलं की अँटिबॉडीचा नमुना प्लाझ्मा द्यायच्या आधी काढणं महत्त्वाचं. एकदा दात्याचा प्लाझ्मा चढला की रिपोर्टवर भरवसा उरत नाही.

फ्रान्सची शंभर मुलं

शिगा टॉक्सिनच्या एचयूएसमध्ये एक्युलिझुमॅबची रीतसर चाचणी शेवटी फ्रान्सनं पूर्ण केली. शंभर मुलं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो. कुणाला काय हे डॉक्टरलाही ठाऊक नाही. निकाल प्रसिद्ध झाला २०२३मध्ये, हॅम्बुर्गनंतर बारा वर्षांनी. मुख्य प्रश्न असा ठेवला होता: किती मुलांना ४८ तासांपेक्षा जास्त डायलिसिस लागत नाही? औषधाच्या गटात ४८ टक्के, प्लासिबोच्या गटात ३८ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका लहान. चाचणी त्या अर्थानं नापास.

पण एका वर्षानंतर किडनीवर काही ना काही मागे राहिलेली मुलं मोजली, तेव्हा औषधाच्या गटात ४३ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ६४ टक्के निघाली. हा दुय्यम निकाल. मुख्य निकाल नापास झाल्यावर दुय्यम निकालावर नाचू नये, हा संख्याशास्त्राचा साधा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. तरी हा आकडा झटकून टाकावासा वाटत नाही. डायलिसिस किती तास लागलं हे लवकर मोजता येतं म्हणून ते निवडलं जातं. पालकांना हवं असतं ते वेगळंच: लघवीतून प्रथिन जाणं थांबलं का, बीपी चढलंय का, पोर मोठं झाल्यावर किडनी साथ देईल का.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर दुसरी चाचणी सुरू झाली होती, पण ठरवलेली रुग्णसंख्या गाठण्याआधीच ती थांबवावी लागली. तिचं मुख्य माप पुन्हा वेगळं, अनेक अवयवांचा मिळून आजाराच्या तीव्रतेचा गुणांक. त्यामुळे दोन देशांची मुलं एका तक्त्यात मांडून मोठा गट करायचा म्हटला तरी मापं जुळत नाहीत. यापुढची चाचणी कुणी हाती घेतली, तर वर्षभरानंतरची किडनी हाच मुख्य प्रश्न ठेवून ती बांधावी लागेल, आणि एकट्या देशाच्या रुग्णसंख्येवर ती उभी राहणार नाही.